प्रतिपक्षाचे पान

भाद्रपद वद्य अष्टमी ही आमच्या तीर्थरूपांची तिथी. २०२५ साली ती १४ सप्टेंबरास, रविवारी आली. त्यामुळे साताऱ्याच्या आमच्या घरी सांगलीची, पुण्याची, कऱ्हाडची अशी सर्व मंडळी जमली होती. सकाळी गुरुजी येऊन गेले, दुपारी पाने उठली, आणि तिसऱ्या प्रहरापासून तरुण मंडळींच्या बोलण्यात निराळाच विषय शिरला. त्या रात्री दुबईस भारत आणि पाकिस्तान ह्यांचा क्रिकेटचा सामना होता.

रात्री उशिरा तो सामना संपला. भारत सात गडी राखून जिंकला. परंतु घरात जो वाद माजला तो विजयावरून नव्हे. शेवटचा फटका मारल्यावर आपले खेळाडू प्रतिपक्षाशी हस्तांदोलन न करता तसेच आत निघून गेले, त्यावरून. आमचे धाकटे बंधू म्हणाले, "योग्य केले. २२ एप्रिलला पहलगामला सव्वीस निरपराध माणसे मारली गेली, त्यांत आपल्या महाराष्ट्राचीही होती. त्या रक्ताचा विसर पडावा काय?" त्यावर आमच्या सूनबाई नम्रपणे म्हणाल्या, "विसर पडू नये हे खरे, भाऊकाका. पण मग खेळायला तरी का गेले?" झाले! सोप्यात दोन तट पडले. एक पुतण्या काकांकडे, दुसरा वहिनींकडे. दुपारी एका पंक्तीस जेवलेली मंडळी रात्री एकमेकांकडे पाठ करून बसली.

एवढ्यात आमची सांगलीची नात, वय वर्षे अकरा, सरळ आमच्यापुढे येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "आजोबा, तुम्ही सांगा. हात मिळवायला हवा होता की नको?"

विचारणारा खरोखरच उत्तराची वाट पाहत असेल तर मास्तराने घाईने उत्तर देऊ नये, एवढे पस्तीस वर्षांच्या अध्यापनाने आम्हांस शिकविले आहे. आम्ही उत्तर दिले नाही. फडताळ उघडले आणि लाल कापडी बांधणीची एक जाड चोपडी तिच्यापुढे ठेवली. त्या चोपडीची हकिकत आज वाचकांस सांगावी असे मनात आहे. कारण त्या रात्री आमच्या घरी पडलेला प्रश्न अनेक घरी पडला असेल.

आमचे वडील, ज्यांना आम्ही सर्व अण्णा म्हणत असू, तरुणपणी सांगलीस हळदीच्या एका पेढीवर हिशेबनीस होते. गावभागात बिऱ्हाड, आणि दिवसभर जमा आणि नावे. परंतु मनाने ते क्रिकेटचे वेडे. ह्यास कारणही तसेच होते. विजय हजारे हे सांगलीचे. ११ मार्च १९१५ रोजी सांगलीस एका शिक्षकाच्या घरी ते जन्मले. पुढे ते बडोद्यास गेले, भारताचे कर्णधार झाले, आणि १९४८ च्या आरंभी ॲडिलेडच्या कसोटीत ब्रॅडमनच्या संघाविरुद्ध त्यांनी दोन्ही डावांत शतके ठोकली, ११६ आणि १४५. भारताने आपला पहिला कसोटी विजय फेब्रुवारी १९५२ मध्ये मद्रासेस इंग्लंडविरुद्ध मिळविला, तोही त्यांच्याच नेतृत्वाखाली. आमच्या आजीस क्रिकेटमधले काही म्हणजे काही कळत नसे, परंतु पेढीवरच्या रेडिओवरून अण्णा सामना ऐकून आले की स्वयंपाकघरातून तिचा प्रश्न ठरलेला असे: "आपला सांगलीकर आहे ना अजून?"

त्याच १९५२ च्या ऑक्टोबरात पाकिस्तानचा संघ प्रथमच कसोटी मालिका खेळावयास आला, आणि ती मालिका भारताविरुद्धच होती. फाळणीस पुरती पाच वर्षे झाली होती. अण्णांनी पेढीवरून एक कोरी चोपडी विकत घेतली, पट्टीने रेघा आखल्या, आणि डावे पान आपल्या डावाला व उजवे पान प्रतिपक्षाच्या डावाला अशी वाटणी केली. लिहावयाचे ते शाईने, हा नियम; कारण शिसपेन्सिलीने लिहिले की खोडण्याचा मोह होतो, असे ते म्हणत.

ज्यांनी धावांची वही कधी लिहिली नाही त्यांच्यासाठी तिची रीत थोडक्यात सांगतो. फलंदाजाने काढलेली प्रत्येक धाव दोनदा लिहिली जाते: एकदा त्याच्या नावापुढे, आणि दुसऱ्यांदा, ज्याच्या चेंडूवर ती निघाली त्या गोलंदाजाच्या नावापुढे. शेवटी फलंदाजांच्या धावांत अवांतर धावा मिळविल्या की डावाची बेरीज यावी लागते, आणि गोलंदाजांच्या खात्यावरून केलेली बेरीजही तिच्याशी जुळावी लागते. अण्णा ह्यास 'मेळ बसणे' म्हणत. पेढीवर एका पैशाचा फरक राहिला तर रात्री घरी न जाणारा तो मनुष्य. धावांच्या बाबतीतही तोच शिरस्ता.

आता ह्या रीतीत एक गंमत आहे. भारताचे फलंदाज डाव्या पानावर दिसतात हे खरे. परंतु भारताचे गोलंदाज कोठे असतात? ते प्रतिपक्षाच्या पानावर असतात. त्या मालिकेतील दिल्लीच्या पहिल्या सामन्यात विनू मंकडांनी ५२ धावांत ८ गडी बाद केले, दुसऱ्या डावात आणखी ५, आणि भारताने तो सामना एक डाव व ७० धावांनी जिंकला. मंकडांचा तो पराक्रम आमच्या चोपडीत उजव्या पानावर आहे. पाकिस्तानचे पान कोणी रागाने फाडले असते तर त्याबरोबर मंकडही गेले असते.

ही गोष्ट आम्ही नातीस दाखविली तेव्हा तिने पान दोनदा उलटून पाहिले. "म्हणजे आपलं अर्धं त्यांच्या पानावर असतं?" असे ती म्हणाली. आम्ही मान हलविली आणि पुढील पाने दाखवू लागलो.

दिल्लीच्याच सामन्यातील डावे पान पाहण्यासारखे आहे. भारताच्या शेवटच्या जोडीने १०९ धावांची भर घातली. ती जोडी कोणाची? एक हेमू अधिकारी, जन्माने पुण्याचे आणि पेशाने भारतीय सेनेतील अधिकारी. त्यांच्या ८१, नाबाद. दुसरे हैदराबादचे गुलाम अहमद, त्यांच्या ५०. त्याच संघात गुल महंमद नावाचे लाहोरकडचे खेळाडूही होते. हे गुल महंमद आणि आमचे सांगलीचे हजारे दोघे बडोद्याकडून खेळत. मार्च १९४७ मध्ये, म्हणजे फाळणीस पाच महिनेच राहिले असताना, रणजी करंडकाच्या अंतिम सामन्यात ह्या दोघांनी होळकर संघाविरुद्ध चौथ्या गड्यासाठी ५७७ धावांची भागीदारी केली. हजाऱ्यांच्या २८८, गुल महंमदांच्या ३१९. प्रथम दर्जाच्या क्रिकेटमध्ये जगात कोठेही, कोणत्याही गड्यासाठी एवढी मोठी भागीदारी २००६ पर्यंत झाली नाही. एकोणसाठ वर्षे तो उच्चांक टिकला. त्या वर्षीच्या ऑगस्टात देश दुभंगला. परंतु ती ५७७ ची बेरीज दुभंगणार कशी? १९५२ साली गुल महंमद भारताकडून पाकिस्तानविरुद्ध खेळले, आणि १९५६ साली कराचीस तेच पाकिस्तानकडून ऑस्ट्रेलियाविरुद्ध खेळले. उलटपक्षी पाकिस्तानचे पहिले कर्णधार अब्दुल हफीझ कारदार हे १९४६ च्या इंग्लंड दौऱ्यावर भारताकडून खेळलेले. अमीर इलाही हेही १९४७ साली सिडनीस भारताकडून खेळून १९५२ साली पाकिस्तानच्या संघातून आले. अण्णांना नावे कोणत्या पानावर घालावीत ह्याचा विचार करावा लागे, तो असा.

त्या मालिकेतील दुसरा सामना लखनौस झाला. हजारे, मंकड, अधिकारी हे तिघेही त्यात नव्हते. फझल महमूद ह्यांनी दोन डावांत मिळून १२ गडी बाद केले, नझर महंमद ह्यांनी १२४ धावा काढून ते शेवटपर्यंत नाबाद राहिले, आणि पाकिस्तानने एक डाव व ४३ धावांनी विजय मिळविला. ज्या देशास कसोटीचे दार उघडून अवघे काही दिवस झाले होते त्याने दुसऱ्याच सामन्यात भारतास हरविले. अण्णा सांगत, की त्या दिवशी पेढीवर कोणी चहा घेतला नाही. परंतु लखनौचे उजवे पान इतके स्वच्छ लिहिलेले आहे, की एकही आकडा गिरविलेला नाही. पुढे मुंबईस भारताने दहा गडी राखून उट्टे काढले. त्यात हजाऱ्यांच्या १४६, नाबाद. आजीने त्या दिवशी शेवयांची खीर केली होती, हेही अण्णांनी समासात टिपून ठेवले आहे. आणि त्याच सामन्याच्या उजव्या पानावर हनीफ महंमद नावाच्या सतरा वर्षांच्या मुलाच्या ९६ धावा आहेत. ती मालिका भारताने दोन विरुद्ध एक अशी जिंकली.

पुढली पाने मात्र वाचावयास कंटाळवाणी. १९५५ च्या आरंभी भारताचा संघ पाकिस्तानात गेला. लाहोरच्या सामन्यासाठी हजारो भारतीय प्रेक्षक सीमा ओलांडून गेले. ज्यांची घरेदारे त्या शहरात राहिली होती असे कितीतरी त्यांत असतील. प्रेक्षक निर्भयपणे गेले, परंतु खेळाडू भिऊन खेळले. पाचही सामने अनिर्णित! १९६०-६१ साली पाकिस्तानचा संघ इकडे आला. मद्रासेस पुण्याच्या चंदू बोर्ड्यांनी नाबाद १७७ धावा काढल्या, तरीही पाचही सामने पुन्हा अनिर्णित. १९५२ च्या मालिकेतील शेवटचे दोन धरून असे बारा सामने लागोपाठ निकालावाचून राहिले. हरलो तर लोकांस तोंड कसे दाखवावे, ह्या एका धास्तीने दोन्ही कर्णधारांचे हात बांधले होते. "हरायचे नाही एवढेच ज्याने ठरविले, त्याला जिंकताही येत नाही," असे अण्णा म्हणत. त्यानंतर १९६५ आणि १९७१ ची युद्धे झाली, आणि सतरा वर्षे ह्या दोन देशांत कसोटी सामना झाला नाही.

ह्यापुढील पान दाखविताना आमचा हात थोडा थबकला, कारण ते आमच्या अपराधाचे पान आहे.

अण्णा १९६२ साली नोकरीनिमित्त साताऱ्यास आले होते. १९७८ च्या ऑक्टोबरात बेदींचा संघ पाकिस्तानात गेला तेव्हा आमचे वय सतरा-अठरा; मॅट्रिक होऊन आम्ही एका शास्त्रीबुवांकडे संस्कृताचा पाठ घेत होतो. अण्णा कचेरीत जात, म्हणून दिवसा वही लिहिण्याचे काम आमच्याकडे होते. ओसरीवर ट्रान्झिस्टर, शेजारी चोपडी, आणि भोवती वाड्यातील मुलांचे कोंडाळे. दिवाळी तोंडावर आली होती. आत काकू आणि आत्या चकल्या करीत होत्या आणि मधूनमधून धावा विचारीत होत्या.

फैसलाबादचा पहिला सामना पूर्वीच्या रीतीने अनिर्णित राहिला. दुसरा लाहोरचा. भारताचा पहिला डाव १९९ धावांत आटोपला आणि मग झहीर अब्बास खेळावयास आले. त्यांचे शतक झाले. दीडशे झाल्या. बेदी, चंद्रशेखर, प्रसन्न, ज्यांच्या फिरकीचा जगात दबदबा, त्यांना ते सहज सीमेपार धाडीत होते. दोनशे झाल्या तेव्हा आम्ही लेखणी खाली ठेवली. "शत्रूच्या धावा आम्ही लिहिणार नाही," असे मोठ्याने म्हटले. मुलांनी टाळ्या वाजविल्या, आणि आम्हांस आपण काही मोठे शौर्य केले असे वाटले.

वाड्याच्या पुढल्या सोप्यात एक हवालदार बिऱ्हाड करून राहत. ते साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावचे. त्या गावाने इतके सैनिक दिले, की त्यास अपशिंगे मिलिटरी ह्याच नावाने ओळखतात. हवालदार १९७१ साली पश्चिम सीमेवर लढलेले होते. त्यांच्या डाव्या हाताची दोन बोटे तेथेच राहिली. ते ओसरीच्या पायरीवर बसून ऐकत असत, बोलत नसत. त्यांनी विचारले, "किती झाल्या रं त्याच्या?" आम्ही ऐटीत सांगितले, की आम्ही लिहिणे बंद केले आहे.

ते क्षणभर गप्प राहिले. मग म्हणाले, "बाळ, समोरच्या ठाण्यात किती माणसं हायती, हे कमी करून सांगणारा टेहळ्या आपल्याच पलटणीला मारतो. त्याचं किती, ह्ये ज्याला ठावं नाही, त्याला आपलं किती, ह्येबी ठावं नसतं." एवढे बोलून ते उठून गेले.

सायंकाळी अण्णा आले. त्यांनी अर्धे रिकामे पान पाहिले. रागावले नाहीत, एवढेच विचारले, "शास्त्रीबुवांकडे पूर्वपक्ष शिकलास ना?" वाचकांपैकी ज्यांना शास्त्राध्ययनाचा परिचय आहे त्यांना त्या प्रश्नाची धार कळेल. आपल्या शास्त्रकारांची रीत अशी, की स्वतःचा सिद्धान्त मांडण्यापूर्वी प्रतिपक्षाचे म्हणणे पूर्ण बळानिशी मांडावयाचे. इतके, की खुद्द प्रतिपक्षानेही म्हणावे, माझे म्हणणे ह्याहून चांगले मलाही मांडता आले नसते. त्यानंतर खंडन. ज्याने पूर्वपक्ष दुबळा करून मांडला त्याचा सिद्धान्तही दुबळाच राहतो. हे आम्ही पाठ केले होते. परंतु पाठ करणे निराळे आणि लाहोरच्या उन्हात आपले गोलंदाज झोडपले जात असताना आचरणात आणणे निराळे.

वर्तमानपत्र आल्यावर अण्णांनी झहीर अब्बास ह्यांच्या नावापुढे शेवटचा आकडा शाईने घातला: २३५, नाबाद. मधली चौकट मात्र रिकामीच ठेवली, कारण कोणती धाव कोणाच्या चेंडूवर निघाली हे आता कोणास सांगता येत नव्हते. त्यामुळे त्या डावातील आपल्या गोलंदाजांचे खातेही अपुरे राहिले. मेळ बसला नाही. समासात बारीक अक्षरांत त्यांनी लिहिले: "येथे लेखकाने लेखणी ठेवली." ते वाक्य आजही तेथे आहे. तो सामना पाकिस्तानने आठ गडी राखून जिंकला. पुढे कराचीस गावसकरांनी दोन्ही डावांत शतके काढली, १११ आणि १३७. तरी तोही सामना आणि मालिकाही आपण गमावली. कराचीची पाने आमच्या हातची आहेत, आणि ती पुरी आहेत.

नातीने ते समासातले वाक्य बोट ठेवून वाचले आणि आमच्याकडे पाहिले. "तुम्ही, आजोबा?" "होय, आम्हीच," असे आम्ही सांगितले. वादात गुंतलेली मंडळी एव्हाना एकेक करून चोपडीभोवती येऊन बसली होती.

धाकट्या बंधूंनीच पुढचे पान काढले, कारण ते त्यांच्या आवडीचे. १९९९ च्या जानेवारीची अखेर, चेन्नई. त्या सामन्याच्या आधी दिल्लीतील खेळपट्टी काही लोकांनी उखडून टाकली होती. अशा वातावरणात दोन्ही संघ खेळले. भारतास जिंकण्यासाठी २७१ धावा हव्या होत्या. सचिन तेंडुलकर पाठीच्या असह्य वेदना सोसून १३६ पर्यंत गेले. ते बाद झाले तेव्हा १७ धावा उरल्या होत्या. उरलेले तीन गडी चार धावांत पडले आणि भारत १२ धावांनी हरला. रविवार होता, आमच्या घरात कोणास शब्द फुटेना. आणि मग दूरदर्शनच्या पडद्यावर आम्ही पाहिले, की चेन्नईचे प्रेक्षक उभे राहून पाकिस्तानच्या खेळाडूंस टाळ्या देत आहेत, आणि ते खेळाडू मैदानास फेरी घालून त्यांचा स्वीकार करीत आहेत. सकलैन मुश्ताक ह्यांनी दोन्ही डावांत पाच-पाच गडी बाद केले होते. त्या लोकांनी चारही दिवस ते डोळ्यांनी पाहिले होते. ज्याने पुरे पान वाचले आहे त्यालाच अशी टाळी वाजविता येते. दिल्लीची खेळपट्टी दुरुस्त होऊन ७ फेब्रुवारीस तेथे अनिल कुंबळ्यांनी ७४ धावांत दहाही गडी बाद केले. तो विक्रमही, अर्थातच, प्रतिपक्षाच्या पानावर आहे.

परंतु चित्राची दुसरी बाजू लपविणे आमच्याच रीतीस सोडून होईल. त्याच महिन्यात कलकत्त्यास, तेंडुलकर धावबाद झाल्यावरून प्रेक्षक खवळले, आणि अखेरच्या दिवशी मैदान रिकामे करवून उरलेला खेळ ओस पडलेल्या आसनांसमोर पुरा करावा लागला. पाकिस्तान ४६ धावांनी जिंकले. चेन्नई आणि कलकत्ता, दोन्ही आपलीच शहरे, आणि मध्ये तीन आठवड्यांचे अंतर. अण्णांनी दोन्हींच्या समासात घडले तेवढे लिहिले. स्तुती नाही, निंदा नाही.

चोपडीतले ह्या दोन देशांचे शेवटचे कसोटीचे पान डिसेंबर २००७ मधील बंगळूरचे आहे. त्यात सौरव गांगुलींच्या २३९. सामना अनिर्णित राहिला, मालिका भारताने एक शून्य अशी जिंकली. अण्णांचे अक्षर तेव्हा कापू लागले होते. २००९ साली ते गेले. आणि त्या बंगळूरच्या सामन्यानंतर भारत आणि पाकिस्तान ह्यांच्यात एकही कसोटी सामना झालेला नाही. आमच्या नातीचा जन्म २०१४ चा. तिने ह्या दोन संघांची एका रात्रीची झुंज पाहिली आहे, पाच दिवसांची कधीच पाहिली नाही.

आमच्या मते हा फरक मोठा आहे. एका रात्रीच्या सामन्यात प्रतिपक्ष म्हणजे एक रंगीत कपड्यांचा घोळका. तो कसा खेळतो हे कळण्यापूर्वी सामना संपतो, आणि मनात उरतो तो नुसता जल्लोष किंवा नुसता चडफडाट. पाच दिवसांच्या सामन्यात रोज सायंकाळी खेळ थांबतो. भारती युद्धातही दिवस मावळला की शस्त्रे खाली ठेवीत, आणि युधिष्ठिर भीष्मांच्या शिबिरात जाऊन त्यांनाच त्यांच्या पराभवाचा उपाय विचारून आला. रात्रभर विचार करावयाचा, की ह्या गोलंदाजाचा कोणता चेंडू आपल्यास फसवितो. सकाळी पुन्हा त्याच्यापुढे उभे राहावयाचे. अशा पाच दिवसांत प्रतिपक्ष माणसाच्या आकारास येतो. त्याच्यावर प्रेम करावे असे आम्ही म्हणत नाही. त्याचा अंदाज बरोबर असावा, एवढेच म्हणतो.

रात्रीचे साडेबारा वाजले होते. नात म्हणाली, "पण आजोबा, हाताचं काय?"

तेव्हा आम्ही जे सांगितले ते येथे तसेच देतो. ज्या घरची माणसे मारली गेली त्यांचे दुःख खेळाहून मोठे आहे, ह्यात वाद नाही. म्हणून खेळावयाचेच नाही, असे कोणी ठरविले तर त्यात मान आहे, आणि आम्ही त्यास नावे ठेवणार नाही. परंतु खेळावयाचे, धावा मोजावयाच्या, विजय पदरात घ्यावयाचा, आणि हात तेवढा मागे ठेवावयाचा, ह्यात आम्हांस मेळ बसलेला दिसत नाही. सामना स्वीकारला त्याच क्षणी प्रतिपक्षाचे पान आपण उघडलेले असते. मग ते शेवटच्या ओळीपर्यंत लिहावे लागते, आणि हस्तांदोलन ही ती शेवटची ओळ आहे.

धाकट्या बंधूंना हे पटले नाही. ते म्हणाले, "दादा, वही निराळी आणि सीमा निराळी." असेलही. आम्ही त्यांचे म्हणणे येथे मुद्दाम दिले आहे, कारण पूर्वपक्ष वगळण्याचा दोष एकदा पदरी आलेला आहे. दुसऱ्या दिवशी मंडळी आपापल्या गावी गेली, आणि नात ती चोपडी मागून सांगलीस घेऊन गेली.

दिवाळीस ती आली तेव्हा चोपडी परत आणली. बंगळूरनंतरचे कोरे पान भरले होते. आम्ही म्हटले, "अगं, ही कसोटीची वही." ती म्हणाली, "कसोटी होत नाही, मग मी काय करू?" तिने ५ ऑक्टोबर २०२५ चा कोलंबोचा सामना लिहिला होता, महिलांच्या विश्वचषकातील भारत आणि पाकिस्तान ह्यांचा. डाव्या पानावर स्मृती मानधना, ज्या सांगलीतच लहानाच्या मोठ्या झाल्या आणि ज्यांचे चित्र आमच्या नातीच्या खोलीत भिंतीवर आहे, त्यांच्या नावापुढे २३. भारताची बेरीज २४७. उजव्या पानावर सिद्रा अमीन ह्यांच्या नावापुढे ८१, एकेक धाव चौकटीत मांडून, शाईने, न खोडता. त्याच पानावर खाली क्रांती गौड ह्यांच्या नावापुढे २० धावांत ३ गडी. पाकिस्तानची बेरीज १५९. भारत ८८ धावांनी विजयी. आम्ही ऐनक लावून दोन्ही पानांची बेरीज तपासली. मेळ बसला होता.

समासात तिच्या अक्षरात एकच ओळ होती: "हात मिळवले नाहीत."